चेरीच्या आठवड्यातलं खरं बोलणं

एल्क स्परची शेवटची चेरी-बी थुंकण्याची स्पर्धा ओहायोहून पाई खायला आलेल्या एका बाईने जिंकली.

हे घडलेलं नाही. एल्क स्परमध्ये कुणालाही विचारा, तो आभाळाकडे बघेल आणि यंदा ऊन फार पडलं, एवढंच म्हणेल. मिशिगनच्या माणसाला ओहायोच्या माणसाकडून हरण्यापेक्षा अक्कलदाढ काढून घेणं परवडतं. तेव्हा वरचं वाक्य आपणही वाचलेलं नाही. आपण सुरुवात करू वेंडेल हूक्स्ट्राच्या पोटापासून.

वेंडेल हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ लोटायची गाडी चालवायचा आणि उन्हाळ्यात चेरीची झाडं हलवायचं यंत्र. ते यंत्र झाडाचा बुंधा पकडतं आणि असं गदागदा हलवतं की एकूण एक चेरी खाली येते. इतकी वर्षं त्यावर बसून वेंडेलच्या आतड्यानेही ती कला उचलली होती. चार घास पोटात गेले की मुरडा. कळ अशी, की कुणीतरी आत बसून ओला टॉवेल पिळतंय. काही दिवस पोट दगडासारखं बंद, मग एकदम धरण फुटल्यासारखं. ट्रॅव्हर्स सिटीच्या डॉक्टरणीने रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतून सगळं बघितलं आणि सांगितलं, की आतड्यात वाईट काही नाही, आतडं फक्त चिडकं आहे.

"चिडकं?" त्याची बायको लोरेन म्हणाली. "म्हणजे बापावर गेलंय."

हे चिडकं आतडं सगळ्यात जास्त चिडायचं ते चेरीवर. चेरीच्या गावात, चेरीच्या बागेत कामाला असलेल्या, चेरीच्या स्पर्धेतल्या विजेत्याचं पोट चेरीवर चिडत होतं. कारण स्पर्धेचा नियम असा, की आधी चेरी खायची, मगच तिची बी थुंकायची. नुसती बी तोंडात घालून आलेल्याला एल्क स्परमध्ये भामटा म्हणतात. वेंडेल दर वर्षी चेरी खायचा, बी थुंकायचा आणि ती जमिनीवर पडायच्या आत पोट धरून पाईच्या तंबूमागच्या निळ्या प्लास्टिकच्या संडासाकडे सुटायचा. तो जिंकला आहे हे त्याला बऱ्याचदा दारावर टकटक करून सांगावं लागलं होतं.

या वर्षी मात्र असा घोळ चालणार नव्हता. बागेचा मालक आणि स्पर्धेचा पंच गस नायलंड थकला होता. त्याने बाग विकली होती. हंगाम संपला की झाडं तोडून तिथे सूर्याची वीज करायचे पत्रे बसणार होते. म्हणजे ही शेवटची स्पर्धा. म्हणजे यंदा जो जिंकेल तो मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, एल्क स्परचा विजेता राहील. त्याला हरवायला पुढे स्पर्धाच नसेल. वेंडेलला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्याला फक्त, ज्यात पुन्हा हरणं शक्य नाही अशा एका गोष्टीत जिंकायचं होतं.

आणि हेच बर्निस प्लेवालाही हवं होतं.

बर्निस गावातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानाची मालकीण आणि औषधतज्ज्ञ. शाळेत वेंडेलच्या वर्गात होती. लहानपणी तिने पहिल्यांदा त्याला थुंकण्यात हरवलं तेव्हा तो म्हणाला, वारा तिच्या बाजूने होता. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत ते फक्त भांडायला, आणि भांडत मात्र रोज. एक वर्ष तो जिंके, एक वर्ष ती. आजवर बरोबरी होती.

आता एल्क स्परची एक रीत सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायीच एक माणूस मरायला टेकला. स्पर्धेच्या आधीचा आठवडा हा थापांचा आठवडा. सोमवारपासून शनिवारच्या शेवटच्या थुंकीपर्यंत कुठलाही स्पर्धक दुसऱ्या स्पर्धकाला हवी ती थाप मारू शकतो. त्याला खोटं म्हणत नाहीत, सराव म्हणतात. जो फसेल त्याने पाईच्या तंबूत बाकावर उभं राहून "मी फसलो" असं मोठ्याने म्हणायचं. वेंडेलने एका वर्षी चर्चमध्ये उठवून दिलं, की बर्निसकडे फ्लूची लस फुकट आहे. सगळा गाव बाह्या वर करून तिच्या दारात. तिने पुढच्या वर्षी त्याला पांढरा कोट घालून गंभीरपणे सांगितलं, की यंदापासून स्पर्धकांची लघवी तपासणार आहेत. वेंडेलने लोणच्याच्या बरणीत नमुना भरून गसच्या हातात दिला. गसने तो घेतला, धन्यवाद म्हणाला आणि बरणी शेडच्या फळीवर ठेवली. ती अजून तिथेच आहे. टाकून कशी द्यायची हे गसला ठरवता आलेलं नाही.

तर डॉक्टरणीने वेंडेलला पोटातला पीळ सोडवणारी गोळी लिहून दिली. तिथल्या कॉम्प्युटरने ती आपणहून सगळ्यात जवळच्या दुकानाला पाठवली. आणि वेंडेल ती आणायला गेला तो मंगळवार थापांच्या आठवड्यातला होता.

"डायसायक्लोमिन," बर्निस म्हणाली. दुकानात आणखी गिऱ्हाईक होतं, म्हणून तिने आवाज खाली आणला. वेंडेलला लगेच कारस्थानाचा वास आला.

"पोटाची गोळी. दे इकडे."

"ऐकून घे आधी. आतड्याला जो पीळ पडतो तो ही सैल करते. पण ती आतड्यापाशी थांबत नाही. तोंडाला कोरड पडते. डोळ्यांपुढे धूसर होतं. झापड येते, म्हणून पहिली गोळी घेशील ती घरी बसून घे, यंत्रावर चढू नकोस. आणि मुख्य म्हणजे घाम येणं कमी होतं. या उन्हात ही घेऊन बाहेर उभा राहिलास तर अंग तापत जाईल आणि तुला पत्ताही लागणार नाही. शनिवारी घेऊ नकोस."

वेंडेलच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"शनिवारी."

"हो."

"बुधवारी घेऊ. गुरुवारी घेऊ. नाताळात घेऊ. फक्त शनिवारी नको."

"घरात गारव्याला बसणार असशील तर शनिवारीही घे! पण तू दिवसभर उन्हात उभा राहणार आहेस, गाढवा."

"बर्नी, आज वार कोणता?"

बर्निसने डोळे मिटले. "मंगळवार."

"कुठल्या आठवड्यातला?"

"वेंडेल, मी आत्ता पांढरा कोट घालून बोलतेय."

"लोणच्याच्या बरणीच्या वेळी काय पोहायचे कपडे घातले होतेस?"

बर्निस चिडली. "हे बघ, परागांच्या शिंकांसाठी ती गुलाबी गोळी खातोस ना अजून? ती हिच्याबरोबर अजिबात नको. तीही कोरडं करते. दोन्ही एकत्र झाल्या तर शुद्ध जाईल तुझी. तुझी गेली तर कुणाच्या लक्षात यायला वेळ लागेल, हा आणखी एक धोका."

"झालं?"

"नाही झालं. काचबिंदू आहे का? लघवी अडकते का?"

"माझ्या लघवीत फार जीव अडकलाय तुझा."

मागचं गिऱ्हाईक खोकलं. बर्निसने नारिंगी बाटलीवर एकेक चिठ्ठी ठोकल्यासारखी चिकटवली. सूर्याचं चित्र असलेली, झोपाळू डोळ्याची, गाडीची. वेंडेलने तिच्या डोळ्यांदेखत नखाने सूर्य खरवडून काढला, तिच्या काउंटरवर चिकटवला आणि बाहेर पडला.

बुधवारी त्याने घरी गोळी घेतली आणि वर ऑलिव्ह बर्गर खाल्ला. सोफ्यावर बसून कळेची वाट बघत राहिला. कळ आली नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचं पोट जेवल्यावर गप्प बसलं होतं. वेंडेलला गहिवरून आलं. मग झापड आली. उठला तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. त्याने तो दोष ऑलिव्हच्या मिठाला दिला.

"म्हणजे औषध चांगलं आहे," तो लोरेनला म्हणाला. "म्हणूनच ती नको म्हणते. तिला मी शनिवारी संडासात हवाय."

"अरे, बाटलीसोबत कागद आलाय त्यावर तेच लिहिलंय. ऊन टाळा. घाम येत नाही."

"कागद छापला कुणी?"

"कंपनीने."

"आणि हातात दिला कुणी?"

लोरेनने कागदाची घडी घातली. या माणसाशी संसार करताना वाद कुठे सोडायचा हे ती शिकली होती. तो दार आपटण्याच्या जरा आधी. "दुपारी बर्निसचा फोन होता. काकुळतीला आली होती रे. म्हणाली, तो माझं ऐकणार नाही, तू सांग."

"तुला काय दिलं तिने?"

"अर्धी पाई."

"कबूल तरी केलंस!"

"तिने मला नाही, मी तिला नेऊन दिली. तुझ्यापायी तिला जेवण गोड लागत नाहीये म्हणून."

गुरुवारी डॉक्टरणीच्या दवाखान्यातून नर्सचा फोन आला. उन्हात गोळी नको, गुलाबी गोळी बरोबर नको, काही शंका असल्यास विचारा. वेंडेलने एकच शंका विचारली, की तुम्ही बर्निसच्या कोण. नर्स म्हणाली, मी कुणाचीच कोणी नाही. वेंडेलने फोन ठेवला आणि समाधानाने मान हलवली. इतकं ठाम नाकारणारा माणूस नात्यातलाच असतो.

शुक्रवारी संध्याकाळी बर्निसची गाडी त्याच्या अंगणाशी थांबली. तिने काच खाली केली, उतरली मात्र नाही. हूक्स्ट्राच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही असं तिच्या आईनेही पाळलं होतं.

"वेंडेल, मी नाव मागे घेते. तू जिंकलास. उद्या गोळी घेऊ नकोस, घरी पंख्याखाली बस. ट्रॉफी गस आणून देईल."

वेंडेल तिच्याकडे बघतच राहिला. आजवरच्या सगळ्या थापांमध्ये ही सगळ्यात सुबक होती. त्याला क्षणभर या बाईबद्दल आदर वाटला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"खरंच मागे घेतेस?"

"खरंच."

"मग लाव गसला फोन. माझ्यासमोर."

बर्निसने फोन काढला. गसचं नाव समोर आणलं. अंगठा त्यावर धरला. गावावर ऊन कलत होतं, पलीकडे गसची झाडं चेरींनी लाल होती, आणि पुढच्या वर्षी तिथे पत्रे असणार होते. तिचा अंगठा तसाच राहिला. तिने फोन बाजूच्या सीटवर टाकला.

"नाही घेत, जा."

"ठाऊक होतं मला!"

"बरं, मग निदान एकच घे. लिहिलीय तेवढीच. आणि गुलाबी नको."

"दोन घेईन."

"मला खोटं पाडायला तू दोन घेशील?"

"तीन घेतल्या असत्या. तेवढी किंमत नाही तुझी."

बर्निसने काच वर केली आणि काचेआड काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून ते औषधाबद्दल नव्हतं.

शनिवार उजाडला तो भट्टीसारखा. गसच्या बागेत पाईच्या तंबूत पाई आपोआप पुन्हा भाजली जात होती. लोक घामाने निथळत होते, चर्चच्या बँडच्या तुतारीवाल्याला तुतारी हातात धरवत नव्हती. आणि वेंडेल कोरडा होता. ठणठणीत कोरडा. त्याने सकाळी दोन गोळ्या घेतल्या होत्या, आणि बागेत शिरताच शिंका सुरू झाल्यावर गाडीच्या खणातली गुलाबीही. पोट शांत. कपाळावर थेंब नाही. त्याने शर्टाच्या काखा लोरेनला दाखवल्या.

"बघ. याला म्हणतात धीर. सगळ्यांना घाम फुटलाय, मला नाही."

"वेंडेल, तुझं तोंड बीटसारखं लाल झालंय."

"तेज आहे ते."

"पाणी पी."

"पितोय ना. तोंडातच राहत नाहीये." तो ओठ चाटायला गेला. जीभ ओठावरून सरकली नाही, खरडली. तेवढ्यात तो निळ्या संडासात जाऊन आला. चेरीच्या भीतीने नव्हे, लघवीला. बराच वेळ उभा राहिला, काही झालं नाही. बरणीची आठवण येऊन त्याला बर्निसचा आणखी राग आला.

आदल्या फेऱ्यांमध्ये एकेक गळत गेला. वेंडेल जुन्या सरावाच्या जोरावर कसाबसा टिकला. त्याच्या बिया वर्षानुवर्षं उडायच्या तशा उडत नव्हत्या, तोंडातून राजीनामा दिल्यासारख्या बाहेर पडत होत्या. पण बाकीचेही उन्हाने मऊ झाले होते. अंतिम फेरीत राहिले दोघंच. एकेक चेरी, एकेक थुंकी, आणि मग कायमचं.

"ही शेवटची फेरी," गस भोंग्यातून म्हणाला. गळ्यात मोजपट्टी अडकवलेला गस एरवी कमी बोलायचा, पण बाग विकल्यापासून मधेच त्याचा आवाज भरून यायचा. "नियम तेच. चेरी खायची, रेषेमागे उभं राहायचं, बी जिथे थांबेल तिथवर मोजायची. पाईच्या तिकिटावर एक थुंकी फुकट आहे, ती कुणाची राहिली असेल तर फेरी संपायच्या आत उरकून घ्या. देव सगळ्यांचं भलं करो."

वेंडेल रेषेशी आला. रेष जरा हलत होती. त्याने एक पाय ठेवला तेव्हा ती दोन झाली. बर्निस शेजारी उभी होती, तिच्या भुवयांवरून घाम गळत होता.

"किती घेतल्यास?" ती दातांतून म्हणाली.

"थापा मारू नकोस."

"हा प्रश्न आहे रे! प्रश्न ही थाप नसते!"

वेंडेलने चेरी तोंडात टाकली. चेरीच्या रसाने तरी तोंड ओलं होईल अशी आशा होती. रस जिभेवर पडला आणि वाळूत सांडल्यासारखा नाहीसा झाला. गर गिळताना घशाने कुरकुर केली. बी उरली. त्याने ती जिभेच्या टोकावर आणली, जीभ पन्हाळीसारखी वळवली, म्हणजे वळवायला सांगितली. छाती भरली. आणि वेंडेल हूक्स्ट्राने आयुष्यातला सगळ्यात मोठा श्वास सोडला.

फुस्स.

बी हलली नाही. ती ओठाला टपालतिकिटासारखी चिकटली होती. त्याने पुन्हा फुंकर मारली. बी सावकाश खाली उतरली आणि हनुवटीवर येऊन थांबली.

गस पुढे आला. बी जिथे थांबेल तिथवर मोजायची, असा नियम होता आणि बी थांबली होती. त्याने रेषेपासून वेंडेलच्या हनुवटीपर्यंत पट्टी धरली. हनुवटी रेषेच्या मागे होती.

"उणे," गस म्हणाला. इतक्या वर्षांत तो शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला. "उणे एक वीत."

आता बर्निसला फक्त थुंकायचं होतं. कशीही, कुठेही. बी पायापुढे पडली असती तरी ती जन्माची विजेती. तिने चेरी खाल्ली, रेषेशी आली, बी जिभेवर घेतली, छाती भरली, आणि सवयीने एकदा वेंडेलच्या चेहऱ्याकडे बघितलं, कारण या क्षणाची खरी मजा तिथेच असणार होती.

वेंडेल पडलेल्या चेहऱ्याने उभा नव्हता. तो हवेतून काहीतरी वेचत होता. नसलेल्या चेरी तोडून नसलेल्या टोपलीत ठेवत होता. गसकडे बघून म्हणाला, "आई, झाड अजून हलतंय, यंत्र बंद कर." चेहरा लालभडक, कातडी कागदासारखी कोरडी, डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या बटणांएवढ्या.

बर्निसच्या तोंडात बी होती. ओरडायचं तर तोंड उघडावं लागणार होतं. लोरेन नंतर सांगायची, की बर्निस तशीच थांबली, गाल फुगवून, आणि तिच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते लोरेनने बाळंतपणातसुद्धा कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं.

"बर्फ!" बर्निस ओरडली. बी तिच्या उजव्या बुटाच्या टोकावर पडली आणि तिथेच राहिली. "थंड पेयांच्या पेट्या आणा! सगळ्या! लोरेन, अँब्युलन्सला फोन कर. सांग उष्माघात, सांग डायसायक्लोमिन, आणि सांग गाढव!"

मग धावाधाव झाली. त्याला तंबूच्या सावलीत आडवा केला. बर्निसने शर्ट टराटरा फाडला आणि पेयांच्या पेटीतला बर्फ मानेला, काखेत आणि जिथे धरायला वेंडेलने शुद्धीत कधीच परवानगी दिली नसती अशा जांघेत धरला. त्याच्या अंगावर पाणी शिंपडून "एल्क स्पर चेरी उत्सव" लिहिलेल्या फलकाने ती वारा घालत होती. कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी ओतायला पुढे झालं तर तिने तो हात झटकला, "धड शुद्ध नाही त्याला, श्वासात जाईल." जरा वेळाने त्याचे डोळे तिच्यावर स्थिर झाले.

"बर्नी."

"किती घेतल्यास?"

"दोन."

"आणि गुलाबी?"

त्याने नजर तंबूच्या छताकडे वळवली.

"वेंडेल!"

"...एक."

"हलकटा. माझ्या शेवटच्या थुंकीला नेमका मरायला टेकलास. दुसरा दिवस नव्हता तुला?"

वेंडेलने बराच विचार केला. त्याच्या तापलेल्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं. "म्हणजे मंगळवारी तू खरं बोललीस."

"हो."

"बुधवारी, शुक्रवारी, सगळं खरं?"

"शुक्रवारचं सोडून. बाकी सगळं खरं."

"थापांच्या आठवड्यात?"

"हो रे बाबा, हो!"

"हे," वेंडेल कष्टाने म्हणाला, "नियमात बसत नाही."

तेवढ्यात मागून गसचा भोंगा खरखरला. झालं असं होतं, की रेषेमागे पाईच्या टेबलाशी बसलेल्या एका बाईच्या घासात न काढलेली बी आली होती. बर्निस "बर्फ!" म्हणून किंचाळली तेव्हा ती बाई दचकली आणि तिने घासासकट सगळं बाहेर उडवलं. बी रेषेच्या पलीकडे जाऊन पडली. त्या बाईच्या हातात पाईचं तिकीट होतं. फेरी अजून संपली नव्हती. गस मोजल्याशिवाय कुठलीही बी सोडत नसे.

"नाव?" गसने विचारलं.

बाईने नाव सांगितलं.

"गाव?"

तिने तेही सांगितलं. टोलेडो, ओहायो. बागेत अशी शांतता पसरली, की अँब्युलन्सचा भोंगा लांबून येताना स्पष्ट ऐकू आला. बर्निसने डोक्याला हात लावला, आणि त्या हातात बर्फ होता हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

हॉस्पिटलमध्ये वेंडेलला सलाइन लागलं, आणि अडून बसलेल्या लघवीसाठी नळी. तिथल्या डॉक्टरने त्याला समजावलं. गोळी वाईट नाही, पण लिहून दिली त्याहून जास्त कधीच नाही, चुकली तर दुप्पट नाही, भर उन्हात नाही, आणि ती गुलाबी किंवा तशा कोरडं करणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांबरोबर तर मुळीच नाही. अंग तापलं आणि घाम नसला तर तडक इथे यायचं. वेंडेलने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्पर्धेत आहात का?" डॉक्टर नाही म्हणाला. "मग ठीक," वेंडेल म्हणाला, आणि त्याने विश्वास ठेवला.

पुढच्या आठवड्यात तो बर्निसच्या दुकानात गेला. डॉक्टरणीने गोळीची ताकद निम्मी केली होती. काउंटरवर अजून तो खरवडलेला सूर्य चिकटलेला होता. बर्निसने नव्या बाटलीवर नवा सूर्य लावला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता, कारण तो तिचा धंदा होता आणि शिवाय त्याला कंटाळा येत होता.

"काही शंका?"

"मी बाकावर उभं राहून 'मी फसलो' म्हणायचं का?"

"तू फसला नाहीस. तुला खरं सांगितलं होतं."

"मग काय म्हणायचं?"

बर्निसने विचार केला. त्याला काय म्हणायचं हे एल्क स्परच्या रीतीत कुठेच बसत नव्हतं. "आभारी आहे, असं म्हणतात काही ठिकाणी," ती म्हणाली.

"कुठे?"

"ओहायोत म्हणत असतील."

वेंडेलने बाटली उचलली. दारापर्यंत गेला. "वारा तुझ्या बाजूने होता तेव्हाही," तो म्हणाला, आणि दार आपटून गेला. ती मागून ओरडली, की जेवणाआधी घे, आणि जेवण गिळताना घशात अडकलं तर मला बोलावू नकोस.

त्याच रात्री त्याने घरी बसून, जेवणाआधी लिहिली तेवढीच गोळी घेऊन, शांत पोटाने एक अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी लोरेनने तो गसकडे नेऊन दिला. गसने तो वाचला, धन्यवाद म्हणाला आणि शेडच्या फळीवर, बरणीशेजारी ठेवला. त्यात लिहिलं होतं:

"मा. अध्यक्ष, चेरी-बी थुंक समिती, एल्क स्पर, यांस. विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते, की अर्जदाराचे तोंड घटनेच्या दिवशी औषधाच्या गैरवापरामुळे कार्यरत नव्हते, सबब त्याची थुंकी झाली असे न मानता ती प्रलंबित मानावी. प्रतिस्पर्धी श्रीमती प्लेवा यांची बी अर्जदाराचा जीव वाचवताना पडली असल्याने तिचे अंतर बुटापर्यंतच धरावे व जीव वाचल्याबद्दल कोणतीही वाढीव वीत देण्यात येऊ नये. थापांच्या आठवड्यात खरे बोलण्यास यापुढे पूर्वसूचना व दोन साक्षीदार बंधनकारक करावेत. बागेतील झाडे तोडण्याचे काम उभयतांची फेरी पुन्हा घेतली जाईपर्यंत स्थगित ठेवावे, आणि ही फेरी अर्जदाराच्या वैद्यकीय सल्ल्यानुसार डिसेंबरमध्ये, सावलीत घ्यावी. तसेच ओहायो राज्याने सदर बी, आहे त्या स्थितीत, पोच घेऊन परत करावी, ही विनंती."